सगळ्यांच्या नावाने वग्दी

अलेक्झांड्रियातल्या त्या बिस्किटांच्या कंपनीत वग्दीसारखा भला माणूस नाही, असं सगळे म्हणत. म्हणणारच. फुकटचा गडी कोणाला नको असतो?

अहवाल खात्याचा तो प्रमुख. खातं म्हणजे तो आणि एक कुरकुरणारा प्रिंटर. कुठल्या गावाला किती माल गेला, किती परत आला, हे विचारेल त्याला फोनवर सांगायचं, हेच त्याचं काम. पुढे कैरोच्या साहेबलोकांनी महागडं सॉफ्टवेअर आणलं. सगळे आकडे रंगीत आलेखांत. ज्याने त्याने आपलं उघडावं आणि बघावं. या खेळण्याचे लाड पुरवणारे इंजिनियर हातेम भर सभेत म्हणाले, "सगळे हे वापरायला लागले, की अहवाल खातं बंद." वग्दी समोरच बसला होता. त्याने चक्क मान डोलावली.

वापरणार कोण? त्या आलेखांकडे कुणी ढुंकूनही बघेना. मग दर गुरुवारी न उघडणाऱ्यांची नावं वाचायला सुरुवात झाली, तशा विक्री खात्याच्या मादाम इतिदाल वग्दीच्या टेबलाशी आल्या. एकमेकांची हजेरी लावायची रीत तिथे जुनीच होती.

"वग्दी, तू सकाळी लवकर येतोस ना? माझंही उघडून ठेव बाबा. पासवर्ड माझ्या नातीचं नाव."

"तुमच्यासाठी काय पण, मादाम."

झालं. बघता बघता अख्ख्या मजल्याचे पासवर्ड त्याच्याकडे जमले. सकाळी ताअमियाच्या तळलेल्या वड्यांचा पाव खाता खाता, तेलकट बोटाने हा एकेकाचं उघडायचा आणि मिटायचा. मग तीच मंडळी त्याला फोन करायची, "बाशा, तांताला किती खोकी गेली रे?" आणि हा खुशाल सांगायचा. आपणच आपल्या पोटावर पाय देणं याहून वेगळं काय असतं? पण 'बाशा', म्हणजे रावसाहेब, म्हटलं की गडी विरघळलाच.

सॉफ्टवेअर खरंच किती जण वापरतात, हे तपासायला कैरोहून नेर्मीन आली. पोरगी हुशार. तिने वग्दीला काचेच्या खोलीत बोलावलं.

"उस्ताझ वग्दी, सगळे रोज उघडतात, ठीक. पण एकामागोमाग एक, रोज त्याच क्रमाने, आणि तेही तुमच्याच मशीनवरून?"

"आमची माणसं शिस्तीची आहेत," वग्दी म्हणाला. "आणि माझं मशीन जरा जलद चालतं."

नेर्मीनला हसू आवरेना. मग ती गंभीर झाली. "हे बघा, कुणी वापरत नाही असं मी लिहिलं, तर तुमचं खातं राहतं. सगळे वापरतात असं लिहिलं, तर जातं. तुम्ही सांगाल तेच लिहीन. बोला, वापरतात?"

काचेपलीकडून मादाम इतिदाल बघत होत्या. छातीवर हात ठेवून त्यांनी डोळ्यांनीच विनवलं. त्यांच्यामागे आणखी चारजण माना उंचावून उभे. यांच्यातल्या एकानेही या माणसाला कधी साधा चहा पाजला नव्हता.

"वापरतात," वग्दी म्हणाला.

"मग तसं लिहू?"

"लिहा."

बाहेर आल्यावर सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. तो लाजला! बायकोला काय सांगायचं हे त्याला घरी पोचेपर्यंत सुचलं नसणार. हातेमसाहेबांना मात्र बढती मिळाली.

वग्दीच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी मादामनी बसबूसाच्या गोड वड्या आणल्या, त्याही पुरेशा नाहीत. त्या रडल्याही, खोटं कशाला बोला, मनापासून रडल्या. मग नाक पुसून म्हणाल्या, "वग्दी, उद्यापासून माझं कोण उघडणार रे?"

सगळ्यांचे घास तोंडातच राहिले. ही काळजी प्रत्येकाला होतीच, फक्त विचारायची लाज वाटत होती.

वग्दीने आपल्या वाटणीची वडी शेजाऱ्याच्या बशीत सरकवली. "त्यात काय एवढं, मादाम," तो म्हणाला. "घरी इंटरनेट आहे माझ्याकडे."