मुखत्यारपत्रावरची सही

पाकीट माझ्याच टपालात आलं. गावच्या शाखा डाकघरात मी डाकपाल आहे. सकाळी थैली उघडायची, टपाल वेगळं करायचं, बचत खात्यातून पैसे काढायला आलेल्यांची सही जुन्या सहीशी ताडून बघायची, हे माझं रोजचं काम. त्या दिवशी थैलीत जर्मनीची तिकिटं लावलेलं जाड पाकीट होतं आणि त्यावर माझंच नाव. आत तिथे कारखान्यात काम करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने केलेलं मुखत्यारपत्र होतं. आमच्या मयत थोरल्या भावाची मुलगी तो आणि त्याची बायको दत्तक घेणार होते, आणि इथल्या कार्यालयांत त्यांच्या वतीने हजर राहण्याचा अधिकार त्याने मला दिला होता. दूतावासाचा शिक्का होता, त्याचा फोटो होता. सही मात्र त्याची नव्हती.

नावाची अक्षरं तीच, पण उताराला लागलेली, थांबत थांबत काढलेली. माझा भाऊ एका झटक्यात सही करायचा आणि खाली रेघ ओढायचा. मी घरी जाऊन पत्र्याच्या पेटीतून त्याचे डिप्लोमाच्या वेळचे जुने फॉर्म काढले, शेजारी ठेवले. ती रेघही नव्हती.

थोरला भाऊ आणि वहिनी शहाद्याच्या रस्त्यावर एकाच अपघातात गेले, तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. तेव्हापासून ती माझ्याकडे आणि आईकडे. मी नवऱ्याचं घर सोडून आले त्याला खूप वर्षं झाली, मला मूल नाही. वेणी घालायला ती माझ्याकडे यायची आणि झोपायला आजीकडे. पाच वर्षं धाकट्याने फोनवर तिची चौकशी केली, वाढदिवसाला बोलला, बस. आणि एकदम गेल्या वर्षी म्हणाला, "ताई, आम्हाला मूल होणार नाही. तिला आम्ही आणतो. रीतसर, कायद्याने."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या डोक्यात आलं, आत्ताच का?

गावालाही तेच वाटत होतं. शेजारची बाई कट्ट्यावर बसून म्हणाली, "पोरगी परदेसले धाडी ऱ्हायनात का? मंग आते जमीन कोना ताब्यात जाई?" मी त्या दिवशीच तलाठ्याकडून सातबारा काढून आणला. थोरल्याच्या हिश्श्यावर मुलीचं नाव होतं आणि ती अल्पवयीन म्हणून पालनकर्ती आजी. दत्तक गेली की पालनकर्ता धाकटा. तापीकाठची, बागायती जमीन. माझ्या भावाबद्दल मी असा विचार करतेय याची मला लाज वाटली. पण विचार थांबला नाही.

कागद जमवायला तर मी लागलेच होते. मुलीच्या जन्मदाखल्यावर वहिनीचं माहेरचं नाव होतं, मृत्यूदाखल्यावर सासरचं. दोन्ही नावं एकाच बाईची हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र, पोलीस पाटलाचा दाखला, पुन्हा तहसील. नंदुरबारच्या बाल संरक्षण कार्यालयातल्या मॅडम, माझ्याहून लहान, पण प्रत्येक कागद उजेडात धरून वाचणाऱ्या. त्या मला म्हणायच्या, "मुखत्यारपत्र आलं की लगेच आणा. त्याशिवाय पुढे सरकत नाही."

पाकीट आलं, आणि मी ते नेलं नाही. कपाटात साड्यांखाली ठेवलं. मॅडमचा फोन आला तेव्हा म्हणाले, "अजून आलं नाही. टपालाला वेळ लागतो." पोस्टातल्या बाईने असं म्हटल्यावर कोण शंका घेणार?

आईने मला ते पाकीट ठेवताना पाहिलं होतं. ती म्हणाली, "तुन्हाच भाऊ शे ना तो, मंग कसानी शंका?"

"सही त्याची नाही, माय."

"तू रोज लोकेसन्या सह्या दखी दखी येडी व्हई गई."

मी भावाला व्हिडिओ कॉल लावला. तो नेहमीसारखा, फोन डाव्या हातात, चेहरा जवळ. मी म्हटलं, "एक काम कर, कागदावर माझ्यासमोर सही करून दाखव. एका फॉर्मला नमुना हवाय." तो हसला, मग नेटवर्क नाही म्हणाला, मग कॉल गेला. पुन्हा लावला तर त्याच्या बायकोने उचलला आणि तो दुकानात गेलाय म्हणाली. माझी खात्रीच झाली. सही हिने केली असणार, किंवा दुसऱ्या कुणी, आणि भावाला या कागदाचं माहीतही नसेल. कदाचित त्यांचं आपसात पटतही नसेल. मी मनात एकेक रचत गेले. रचलेलं सगळं बरोबर बसत होतं, आणि त्याचंच मला एक विचित्र समाधान वाटत होतं.

तीन आठवड्यांनी मॅडमनी स्वतःच बोलावलं. तिकडच्या अधिकाऱ्यांनी भावाच्या घरी जाऊन केलेला अहवाल त्यांना संगणकावर मिळाला होता. सोबत इंग्रजी भाषांतर. मॅडमनी छापील पानं माझ्यापुढे ठेवली आणि आरोग्याच्या पानावर बोट ठेवलं. माझं इंग्रजी बेताचं, पण तेवढं कळलं. कारखान्यातल्या यंत्रात सापडून उजव्या हाताची तीन बोटं गेलेली. अपघाताला तीन वर्षं झालेली. आता त्याच कारखान्यात तपासणीचं काम.

"हे तुम्हाला माहीत होतं ना?" मॅडमनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही. परक्या बाईसमोर माझ्या भावाने मला काही सांगितलं नाही हे कबूल करणं मला जमलं नाही.

एसटीत खिडकीशी बसून मी रडले नाही, संतापले. तीन वर्षं! दर रविवारी हा माणूस आमच्याशी बोलतो, आई त्याला जेवलास का विचारते, आणि तो फोन डाव्या हातात धरून हो म्हणतो. घरी येऊन मागच्या परसात गेले आणि कॉल लावला.

"उजवा हात दाखव."

 त्याने हात वर आणला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, एवढंच.

"डाव्या हाताने शिकलोय लिहायला," तो म्हणाला. "पासपोर्टवरसुद्धा आता तीच सही आहे."

"सांगितलं का नाहीस?"

"मायनं परत बोलावलं असतं. आणि नंतर... ताई, असा हात झालेल्याला तू पोरगी दिली असतीस?"

मी खोटं बोलले नाही. "नसती दिली. आणि जमिनीचं काय?"

"कसली जमीन?"

"तिच्या नावावरची."

त्याचा चेहरा पडला. "ताई, तू माले चोर समजस का?" इतक्या वर्षांनी तो माझ्याशी अहिराणीत बोलला. "तिचं नाव आहे, तिचंच राहील. वाटेल ते लिहून घे." आणि त्याने फोन ठेवला.

एवढ्याने माझं मन स्वच्छ झालं असं म्हणणं खरं होणार नाही. ज्याने हात लपवला तो आणखी काय लपवत असेल? दुसऱ्या दिवशी मी त्याच्या बायकोला एकटीला फोन केला. तिने आधी हाताचं सांगितलं, मग म्हणाली, "ताई, तुम्हाला वाईट वाटेल, पण सांगते. अपघातानंतर वर्षभर ते माझ्यासमोर जेवत नव्हते. एकदा ताट फेकलं. मी बॅग भरून मैत्रिणीकडे गेले होते, दोन महिने. मग समुपदेशकाकडे गेलो दोघं. अहवालात तेही आहे, पुढच्या पानांवर. आम्ही काही झाकलं नाही त्यांच्यापासून."

तिने चांगलं काही सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. तिने ताट फेकल्याचं सांगितलं, म्हणून ठेवला.

आईला मी जेवायच्या वेळी सांगितलं. ती उठली, देवापुढे जाऊन बसली, बराच वेळ आली नाही. मुलगी सगळं ऐकत होती. रविवारी कॉल लागला तेव्हा तीच पुढे सरकून म्हणाली, "काका, हात दखाड." त्याने दाखवला. तिने फोन डोळ्यांजवळ नेला.

"दुखस का?"

"थंडीत दुखतो थोडा."

"मंग थंडीमा मी मोजा घाली दिसू," ती म्हणाली आणि खेळायला पळाली. भाऊ तसाच बसून राहिला, हात खाली घ्यायचा विसरून.

मी मुखत्यारपत्र आणि मुलीला घेऊन नंदुरबारला गेले आणि मॅडमना म्हटलं, हे माझ्याकडेच होतं, सही वेगळी वाटली म्हणून ठेवलं. हाताचंही मला माहीत नव्हतं. त्यांनी पाकिटावरचा तारखेचा शिक्का पाहिला, माझ्याकडे पाहिलं. "मलाही सही वेगळी वाटली असती तर मीही थांबले असते," त्या म्हणाल्या. "पण मला सांगून थांबले असते." ते बोलणं मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

मग मॅडमनी मुलीला एकटीला आत नेलं. दार बंद. बाहेर बाकावर बसून मी पुन्हा शंका घ्यायला लागले, या वेळी मुलीवर. ती काय सांगत असेल? आत्या रागावते, आत्या मारते?  बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "तिला जायचंय. पण तिला वाटत होतं तुम्ही तिला देऊन टाकताय. कुणी विचारलंच नव्हतं तिला." आम्ही इतके कागद गोळा केले आणि तिला विचारायचं राहून गेलं होतं. वडापाव खाताना मी तिला म्हटलं, नको असेल तर अजूनही नाही म्हण. ती म्हणाली, "पन तू रडशी नही ना?" मी म्हटलं, रडेन. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मंग रड थोडी."

कलेक्टर साहेबांचा आदेश झाला, पासपोर्ट झाला, दोघं न्यायला आले. आईने मुलाचा तो हात दोन्ही हातांत धरून ठेवला, त्याने सोडवून घेतला नाही. सुरतपर्यंत मी सोबत गेले, तिथून पुढे नाही.

आता तिकडून दर तीन महिन्यांनी पाहणीचा अहवाल येतो, त्याची प्रत मॅडम मला देतात. मी तो दोनदा वाचते. फोटोत ती हसत असली तरी मागे खोली कशी आहे, अंगावर गरम कपडे आहेत की नाहीत, ते बघते. कॉलवर विचारते, काय जेवलीस, कोण रागावलं का, दार आतून लागतं का तुझ्या खोलीचं. परवा ती कंटाळून म्हणाली, "आत्या, तू रोज तेच का इचारस?" आणि शाळेची बस आली म्हणून निघून गेली.