कॉमन पॅसेज

"कॉमन" या शब्दाची मला आता किळस येते. शब्दाचा काय दोष, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. ज्याच्या दारासमोर दुसऱ्याच्या घरातला ओला कचरा रात्रभर निथळत असतो, त्याने शब्दांशी किती नीट वागायचं?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. आईबाबा मिठागरात आणि भातशेतीत राबले, आणि मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले. हे सांगताना मी मान खाली घालत नाही. हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो शाळेच्या व्याकरणात, कॉमन नाउन म्हणून. मग गणितात कॉमन फॅक्टर. पुढे शब्दकोशात पाहिलं तर एकट्या शब्दामागे केवढी रांग: सामाईक, सार्वजनिक, सर्वसाधारण, नेहमीचा, मामुली, आणि अगदी शेवटी, हलक्या दर्जाचा. तेव्हा मला नवल वाटलं होतं. जे सगळ्यांचं ते हलकं कसं? शहरात येऊन बोळिंजला फ्लॅट घेतला आणि नवल संपलं.

गेल्या वर्षी बाबा गावी ओट्यावरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि मी त्यांना माझ्याकडे घेऊन आले. डॉक्टरांनी बजावलं होतं, "रोज चालवा. वॉकर घेऊन, सरळ आणि लांब. बसून राहिले तर बसूनच राहतील." आमच्या हॉलमध्ये सोफा संपला की टीव्ही लागतो. चालायला जागा एकच होती, आमच्या दारापासून लिफ्टपर्यंतचा पॅसेज.

तिथे समोरच्यांचा चपलांचा रॅक. रॅकला टेकून चाकातली हवा गेलेली सायकल. तिच्यामागे कुंडी, तिच्यातलं झाड कधीच मेलेलं, आता सिगारेटची थोटकं उगवलेली. दाराशी कचऱ्याची पिशवी, तिच्यातून झिरपून लादीवर पिवळट ओघळ गेलेला आणि त्यात मुंग्या. जिन्याच्या कोपऱ्यात कुणी थुंकू नये म्हणून देवाच्या चित्राची टाइल लावली होती. लोक थुंकायचे थांबले नव्हते. देवाला वगळून शेजारी थुंकत होते, एवढीच काय ती भक्ती.

वॉकर जाईल एवढी वाट नव्हती. मी समोरच्या वहिनींकडे गेले.

"वहिनी, बाबांना चालायचंय. रॅक जरा आत घ्याल?"

"अगं, कॉमन पॅसेज आहे तो! सगळेच ठेवतात. तूही ठेव की."

सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, हा प्रत्येक बिल्डिंगमधला कॉमन प्रॉब्लेम आहे. जरा कॉमन सेन्सने घ्या." एका दमात दोनदा तो शब्द बोलले आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ एकच होता, मी काही करणार नाही.

घरी येऊन बाबांना सांगितलं, तो पॅसेज कॉमन आहे.

"म्हंजे कोनाचा?"

"सगळ्यांचा."

"मंग सगली गेली कुठं?"



बाबांना सगळ्यांचं म्हणजे काय ते माहीत होतं. आमच्या गावची भातशेती खाडीला लागून आहे. मधे मातीचा बांध. उधाणाच्या भरतीला तो कुठे ना कुठे फुटतो, आणि मग खारं पाणी कुणाच्या शेतात आधी शिरलं हे बघत कुणी बसत नाही. घरटी एक माणूस घमेलं-फावडं घेऊन निघतो. जो येत नाही त्याच्या दारात बाकीचे जाऊन उभे राहतात. शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही. नुसते उभे, तो बाहेर येईपर्यंत. मी लहानपणी ते पाहिलंय. दारात उभ्या राहिलेल्या गप्प माणसांपुढे कुणाचंही पोट फार वेळ दुखत नाही.

एका रविवारी मी भाकऱ्या थापत होते आणि बाबा मला न सांगता बाहेर पडले. काहीतरी फाटल्याचा आवाज आला. धावत गेले. वॉकरचा पाय पिशवीच्या बंदात अडकला होता आणि पिशवी फुटली होती. आंबलेला भात, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं, लहान मुलाचं वापरलेलं डायपर, सगळं बाबांच्या पावलांवर. त्यांना वाकता येत नव्हतं आणि मागेही सरकता येत नव्हतं.

समोरचं दार उघडलं. वहिनींचा एक हात नाकावर, दुसऱ्या हातात फोन. "अहो काका, बघून चालायचं ना! कॉमन एरिया आहे." आणि आत वळता वळता फोनवर, दार अर्धं उघडंच ठेवून, "काही नाही गं, समोरचे. जरा कॉमनच लोक आहेत."

शब्दकोशातला शेवटचा अर्थ. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "तू गप. आधी माजा पाय सोडव."

पाय सोडवला, धुतला. फडका घेऊन लादी पुसायला वाकले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे ता." वॉकर हळूहळू वळवला, समोरची बेल दाबली आणि उभे राहिले. वहिनी पुन्हा दारात आल्या.

"पोरी, कचरा उचल. मना जायाचा हाय."

"उद्या बाई येईल, ती उचलेल."

"बरा. मी हाय उबा."

"अहो काका, आत जाऊन बसा ना!"

"डागतरनी बसू नको सांगितलंय."

आवाज चढलेला नव्हता. रागही दिसत नव्हता. शेवटी वहिनी झाडू-सुपडी घेऊन आल्या. तोंड असं वाकडं की जणू कचरा गावाबाहेरून आला होता. स्वतःच्याच घरातला वास त्यांना सोसवत नव्हता.

मग रोज सकाळी तेच. वाटेत जे आडवं येईल त्याला बाबा वळसा घालत नसत. बेल दाबायची आणि ते हलेपर्यंत उभं राहायचं. आधी पिशवी आत गेली, मग सायकल, मग रॅक. सेक्रेटरींचा फोन आला, "मॅडम, बाबांना समजवा. रोज कुणाची बेल वाजवणं बरं दिसत नाही."

"कचरा बरा दिसतो?" मी विचारलं. त्यांनी फोन ठेवला.

बाबा लिफ्टपर्यंत जाऊ लागले, मग खाली, मग फाटकापर्यंत. वॉकर सुटला, काठी आली. पावसाळ्याआधी बांधाची डागडुजी असते म्हणून हट्टाने गावी गेले. माती उचलायला नाही, उभं राहायला.

ते गेले त्याच संध्याकाळी मी ऑफिसातून आले. लिफ्टचं दार उघडलं. रॅक बाहेर. सायकल बाहेर. दाराशी पिशवी, तिच्याखाली ताजा ओघळ. एका म्हाताऱ्याची पाठ वळायची वाट पाहत होते सगळे. इतकी शिसारी आली की क्षणभर वाटलं, आपणही एक रॅक आणावा आणि सुटावं.

पर्स खांद्यावरच होती. मी समोरची बेल दाबली.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

मी उभी राहिले.