तिसरी घंटा

भाऊकाका गेल्याचं केतकीनं फोनवर सांगितलं, तेव्हा दुःखाआधी धास्तीच वाटली... आता थिएटरचं काय? केतकी ही काकांची एकुलती एक मुलगी. नोकरी, घर, मुलं, सगळं सांता क्लाराला. ओहायोतल्या आडगावातलं व्हिक्टोरियन काळातलं थिएटर तिनं विकलं असतं, तर तिला कोण बोल लावणार होतं?

रिटायर झालेली माणसं फ्लोरिडात घर घेतात. काकांनी गळकं छप्पर, सोनेरी कठड्यांची गॅलरी आणि तिच्यातली वटवाघळं विकत घेतली. "काका, वेड लागलंय का?" मी विचारलं. "लागलंय ना! आणि ते संसर्गजन्य आहे. धर हा ब्रश." शाळेचा बँड, चर्चचा कॉयर, आमचं मराठी मंडळ, कुणालाच भाडं नाही. हिमवादळात वीज गेली की जनरेटर लावून काका अख्ख्या गावाला आत घ्यायचे आणि वर गरम खिचडी वाढायचे.

पहिल्या प्रयोगाला मात्र भलतीच फजिती झाली. काकांनी सगळ्या गावाला आमंत्रण दिलेलं. पूजा झाली, नारळ फुटला आणि काकांनी विंगेतून रिवाजाप्रमाणे तीन घंटा दिल्या. पडदा उघडला तर समोर नुसत्या खुर्च्या! आगीची घंटा समजून मंडळी शिस्तीत, रांगेनं रस्त्यावर जाऊन उभी. धोतर सावरत काका त्यांच्यामागे धावले, राजाच्या वेशात मी काकांच्या मागे. "नो फायर! ओन्ली ड्रामा!" काका ओरडत होते. त्यानंतर गाव असं तयार झालं, की कॉयरवालेसुद्धा तिसऱ्या घंटेशिवाय तोंड उघडेनात.

गेल्या महिन्यात शोकसभा तिथंच झाली. आम्ही सारे फुटपाथवर घुटमळत होतो. "केतकी विकणार म्हणे." "पार्किंग लॉट होईल, यार." तेवढ्यात आतून घंटा झाली. पहिली... दुसरी... कुणाचा पाय हलेना. तिसरी झाली आणि सगळे सवयीनं आत पळाले. मी थेट विंगेत गेलो. घंटेच्या दोराला काकांचा लाल रुमाल अजून गुंडाळलेला होता, आणि तो केतकीच्या मुठीत होता.

"आय अ‍ॅम नॉट सेलिंग इट," ती मला म्हणाली. मला हसू फुटलं, आणि डोळेही भरून आले. "पण सांगा ना, बाबा तिसरी घंटा किती वेळ वाजवायचे?"

"शेवटचा माणूस बसेपर्यंत."

तिनं पडद्याच्या फटीतून पाहिलं. तिकीट खिडकीवरची म्हातारी मार्था काठी टेकत अजून दारातच होती. केतकीनं रुमाल घट्ट धरला आणि दोर पुन्हा ओढला.