न कापलेली पानं

परवा बायको शिलाई मशीनला तेल घालत होती, आणि त्या वासासरशी मला शिवाजी पेठेतल्या तालमीची माडी आठवली. सत्तरच्या दशकात दर रविवारी तिथं आमचा अभ्यासवर्ग भरायचा. विषय भौतिकवाद, म्हणजे कष्टकऱ्यांचं तत्त्वज्ञान. मांडणी मात्र नेहमी माझी, कारण मी कॉलेजात शिकवायचो. एकदा कबनूरचा एक यंत्रमाग कामगार पाळी संपवून थेट आला आणि तेलाचा वास मारणाऱ्या सदऱ्यानिशी मांडायला उभा राहिला. पोरं माना डोलवायला लागली, ते मला सोसेना. "मूळ ग्रंथ वाचल्याशिवाय मांडायचा अधिकार नाही," असं म्हणून मी माझा जाडजूड इंग्रजी ग्रंथ त्याच्या हातात दिला. "काढा कुठलंही पान, वाचा." त्यानं तो मधेच उघडला. पानांच्या कडा एकमेकींना जोडलेल्याच होत्या. छापून आल्यापासून त्या कुणी कापल्याच नव्हत्या. त्यानं क्षणभर माझ्याकडं पाहिलं आणि ग्रंथ मिटला. "इंग्रजी न्हाय येत मला, सर." "मग माग चालवा की, पावणं!" मी म्हणालो. सगळी माडी हसली. तो जिना उतरून गेला, पुन्हा कधी आला नाही. ग्रंथ अजून माझ्या कपाटात आहे. पानं मी आजही कापलेली नाहीत.