आतोबांची एक्सपी

कोरा करकरीत नवा कॉम्प्युटर घ्यायचा आणि पहिल्याच दिवशी त्याला वीस वर्षांनी म्हातारा करून टाकायचा, ही कल्पना अख्ख्या जगात फक्त माझ्या आतोबांनाच सुचू शकते. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचा नवरा, मुक्काम वडगाव मावळ, वय एकाहत्तर आणि हट्ट साधारण सात वर्षांच्या पोराचा. मी राहते तळेगावात, कामाला जाते हिंजवडीला, आणि ‘पोरगी कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढ्या एका वाक्यावर आमच्या नातेवाइकांनी माझे शनिवार-रविवार आपसात वाटून घेतलेत. त्यातले निम्मे एकट्या आतोबांचे. मी त्यांच्यावर किती वेळा वैतागलेय याचा हिशोब ठेवायला घेतला असता तर त्यासाठीही त्यांनी मला एक्सपीच उघडायला लावली असती.

आतोबा मूळचे परंदवडीचे, पण पस्तीस वर्षं त्यांनी वडगावात टायपिंगचा क्लास चालवला. कोर्टाच्या बाजूला जा, तहसीलच्या बाजूला जा, टायपिंग येणारा कुठलाही पन्नाशीचा माणूस त्यांना बघितलं की आपोआप पाठ सरळ करून बसतो. गावात घरी कॉम्प्युटर आणणारे पहिले तेच. लोक म्हणे बघायला यायचे, चपला बाहेर काढून. तेव्हापासून ते आणि त्या जमान्यातली विंडोज एक्सपी यांचा जो संसार सुरू झाला तो झालाच. कॉम्प्युटरला आत्याच्या जुन्या साडीचा अभ्रा, त्याला वर पायपिंग. की-बोर्ड साफ करायला दाढीचा ब्रश, आणि तो ब्रश दाढीला वापरायचा नाही. काही उघडायच्या आधी पाच वेळा रिफ्रेश. सहावं झालं तर परत पहिल्यापासून. महिन्यातून एकदा डीफ्रॅग, म्हणजे आतल्या फाइलींची आवराआवर, लावायचं आणि खुर्ची ओढून समोर बसायचं. ते रंगीत चौकोन इकडचे तिकडे सरकतात ना, ते दोन-दोन तास बघायचे. मी एकदा म्हटलं, “आतोबा, हे बघत बसायची गरज नसते हो.” तर म्हणाले, “भाताची आवणी चाललीय, रोपं ह्या खाचरातून त्या खाचरात. आवणीला मालकानं बांधावर उभं राहायचं असतं.” आणि ती स्क्रीनवरची प्रसिद्ध हिरवी टेकडी! ती मळवलीच्या मागची आहे असं त्यांचं ठाम मत. ती परदेशातली आहे असं मी त्यांना पुराव्यासकट दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून पुरावा बघितला आणि म्हणाले, “फोटो काढणारा परदेशातला असेल. टेकडी आपली आहे.”

आता हे सगळं मी ‘असू दे, म्हातारा माणूस आहे’ म्हणून सोडून दिलं असतं. पण त्या कॉम्प्युटरमध्ये एक यादी होती. परंदवडीतल्या शेतांची नावं. म्हणजे मालकांची नाहीत, शेतांची. आमच्याकडे भाताच्या प्रत्येक खाचराला नाव असतं, माणसासारखं. सात-बारावर नुसता गट नंबर असतो, नाव फक्त तोंडात. आतोबा गेली अठरा वर्षं ही नावं गोळा करतायत. त्यांच्या एका विद्यार्थ्यानं कधीकाळी करून दिलेला छोटासा प्रोग्रॅम, त्यात जुना मराठी फॉन्ट, आणि ते दोन्ही एक्सपीशिवाय कशातच चालत नाहीत. दरवर्षी गावच्या जत्रेला आतोबा ताजी यादी छापून देवळात लावायचे. लोक वाचायचे, पेनानं दुरुस्त्या करायचे, भांडायचे. एकानं तर हात जोडले होते, “मास्तर, आमच्या तुकड्याला उंदीरखाच नका छापू, पोरीची सोयरीक चाललीय.” आतोबांनी यादीत काडीचाही बदल केला नाही. पोरीच्या लग्नाला मात्र गेले.

आणि ही यादी अजून पुरी नव्हती. ओढ्यापलीकडची नावं राहिली होती. तिथे आता कंपन्यांच्या भिंती आहेत, गोडाऊन आहेत, प्लॉटिंगचे झेंडे आहेत. ती नावं सांगू शकणारा एकच माणूस उरलेला, नव्वदीचे एक आबा. आतोबा दर महिन्याला त्यांच्याकडे जायचे आणि दोन-तीन नावं घेऊन यायचे, पालेभाजी आणावी तशी.

अशात गेल्या पावसाळ्यात जुना कॉम्प्युटर गेला. एकदा लाईट गेली, आली, परत गेली, आणि आतून जळकट वास आला. आतोबा दोन दिवस जेवले नाहीत नीट. माझा आतेभाऊ बंगळूरला असतो, त्यानं दसऱ्याला नवाकोरा पाठवला. काय मशीन होतं! मला स्वतःला हेवा वाटला. आतोबांनी चालू केला, तर त्यानं आधी ईमेल विचारला, मग पिन विचारला, मग चेहरा दाखवा म्हणाला. आतोबांनी सरळ मागची पिन उपटली आणि मला फोन केला. “माझ्याच घरात मला विचारतोय, तू कोण म्हणून. शनिवारी ये. ह्याच्यात जुनं घाल.”

मी समजावलं. हात जोडून समजावलं. नव्या हार्डवेअरला एक्सपी ओळखतच नाही, तिच्या जन्माच्या वेळी हे भाग नव्हतेच. आतोबांनी कपाटातून स्टीलचा डबा काढला, त्यातून मलमलच्या फडक्यात गुंडाळलेली मूळ सीडी काढली आणि नव्या कॉम्प्युटरला चारी बाजूंनी प्रदक्षिणा घातली. “थाळी आत कुठून जाते?” म्हटलं, जातच नाही, नव्याला सीडीची जागाच नसते. त्यांनी आत्याकडे बघितलं. “बघ. पोरानं बिनतोंडाचा पाठवलाय.” आत्या भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, “बरं झालं. ह्या घरात एक तोंड पुरेसं आहे.”

मग मी पुण्याहून बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह आणला. चार शनिवार गेले त्यात, चार! कधी माऊस मरायचा, कधी की-बोर्ड मरायचा, आणि दोन्ही जिवंत असले की निळी स्क्रीन यायची. निळी स्क्रीन आली की मी डोकं धरायचे आणि आतोबा खूश व्हायचे. “ओळखीचा निळा आहे गं. जवळ आलंय.” लोणावळ्याच्या दुरुस्तीवाल्याकडेही नेला. तो बिचारा गंभीरपणे म्हणाला, “काका, हे म्हणजे मेट्रोच्या रुळावर बैलगाडी.” आतोबा म्हणाले, “बैल माझे आहेत ना? मग तू फक्त रूळ बघ.”

शेवटी मी व्हर्च्युअल मशीनचा विषय काढला. म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक नुसता भासाचा कॉम्प्युटर तयार करायचा आणि त्यात एक्सपी टाकायची. ती आत सुखात राहते, तिला वाटतं आपण जुन्याच डब्यात आहोत. आतोबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हणजे खोटा?”

“खोटा नाही हो, भासाचा.”

“पोटभाडेकरू ना? मालक वरती तो नवाच. नको. माझं काय खोट्यावर अडलेलं नाही.”

अडलेलं होतं हो! यादी अडलेली होती! जुनी हार्ड डिस्क जिवंत निघाली होती, फाईल माझ्या हातात होती, पण नव्यात उघडली की नावांच्या जागी नुसत्या पालीच्या शेपट्या दिसायच्या. तिकडे आबा नव्वदीचे. म्हणून मग मी जे केलं ते केलं. एका रविवारी आत्यानं आतोबांना मुद्दाम बाजारात पाठवलं आणि दोन तासांत मी त्या नव्या मशीनच्या पोटात एक्सपी बसवली. चालू केलं की सरळ तीच समोर, पूर्ण स्क्रीनभर, टेकडीसकट. ती बंद केली की बाहेरचाही आपोआप बंद. नव्याचं नखसुद्धा दिसू नये. आतोबा आले, बसले, ती सुरुवातीची धून वाजली, आणि त्यांनी पिशवी मांडीवर घेतलेली तशीच ठेवली. पिशवीतून मेथी खाली पडत होती. “जमलं ना शेवटी,” एवढंच म्हणाले. यादी उघडली. नावं दिसली. माझं मलाच इतकं भारी वाटलं की घरी येताना स्कूटरवर मी मोठ्यांदा गाणं म्हणत होते.

महिनाभर सुखात गेला. मग एका सकाळी फोन. आवाज एकदम थंड. “बंद करताना आत्ता स्क्रीनवर आलं, अपडेट चालू आहे, थांबा.”

म्हटलं, “येतं हो तसं.”

“नव्याला येतं. माझ्याला अपडेट द्यायचं त्यांनी केव्हाच सोडलंय. मग हे आलं कुणाला? मागे कोण उभा आहे?”

सगळं जग बिनधास्त नवीन वापरतं आणि त्याला अपडेट म्हणजे काय हे माहीत नसतं. आणि हा माणूस! कबूल केलं. आतोबा म्हणाले, “पस्तीस वर्षं मी मुलांना सांगितलं, चुकलं तर खोडा, पण झाकू नका,” आणि फोन ठेवला. बारा दिवस अबोला. मी वडगावला गेले तर खुर्ची भिंतीकडे वळवून बसायचे. मलाही राग आला होता. एवढा जीव काढला आणि वर मीच गुन्हेगार? शेवटी मी त्यांच्या पाठीला म्हणाले, “आतोबा, नवीन शिकला असता तर आठवड्यात जमलं असतं तुम्हाला. कशाचा एवढा हट्ट?”

भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाले, “नव्यावर मला दर दोन मिनिटाला तुझ्या आत्याला नाहीतर तुला हाक मारावी लागते. हे गेलं कुठे, ते आलं कसं. ह्या गावात मला लोक विचारायला यायचे गं. जुन्यावर मी अजून कुणाला हाक मारत नाही.” आत्यानं दोघांपुढे पोहे ठेवले.

त्याच आठवड्यात परंदवडीहून आबांच्या सुनेचा फोन आला. आबा दवाखान्यातून घरी आलेत, बोलतायत, पण मास्तरांना यायचं तर लवकर या. आतोबा उठले, अभ्रा घातलेल्या कॉम्प्युटरकडे बघितलं. तो काही मांडीवर घेऊन जाता येत नव्हता, आणि कुठली नावं झालीत, कुठली राहिलीत हे सगळं त्याच्या आत. “वहीत लिहून घ्या ना,” मी म्हटलं. “शेजार कळत नाही वहीत,” म्हणाले, “कुठल्या शेताला कुठलं लागून आहे ते समोर दिसल्याशिवाय आबांना आठवत नाही.” मग घसा खाकरून, माझ्याकडे न बघता, “ते तुझं खोटं... तुझ्या लॅपटॉपमध्ये घालता येतं का?”

म्हटलं, “अख्खं उचलून घालता येतं. टेकडी, यादी, सगळं. खोटं आहे म्हणूनच येतं.”

“हं,” म्हणाले. त्या एका ‘हं’साठी मी चार शनिवार घालवले होते.

आबा पडवीत खाटेवर होते, कांबळं पांघरून. आतोबांनी माझा लॅपटॉप मांडीवर घेतला, पाच वेळा रिफ्रेश केलं, आणि सुरू झाले. “आबा, गाढवलोळीच्या खाली काय?”

“त्याच्या खाली रडकी. कवाबी पाय ठिवा, पाणी झिरपायचंच. औत न्हाई चालायचं.”

“तिच्या बगलेला?”

“आंधळी. तितं आता ते निळं पत्र्याचं हाय न्हवं का, तितं. त्याच्या म्होरं सवतीचा तुकडा. लय भांडायच्या दोगी.” आबा हसले, मग खोकले. सून म्हणाली, “आबा, जरा दम खा.” आबा म्हणाले, “तू गप गं. मास्तर लिवतोय.”

आतोबा स्क्रीनकडे बघतच नव्हते. ते आबांकडे बघत होते आणि बोटं खाली आपली चालत होती, एकही चूक न करता. मी मिनिटाला किती शब्द टाईप करते याचा मला फार गर्व आहे. तो त्या पडवीत उतरला. एकोणीस नावं झाली. मग आतोबांनी विचारलं, “सवतीच्या तुकड्याला लागून, ओढ्याच्या काठी, बारकंसं एक होतं ना?”

“व्हय. हुतं की. चार पेंढ्या भात व्हायचं. माजी आय तितं आवणीला...” आबांनी डोळे मिटले. हाताची बोटं कांबळ्यावर हलत होती, रोप लावल्यासारखी. “काय म्हनायची ती त्याला? आरं, रोज तर म्हनायची.” आम्ही थांबलो. आबांना राग आला, स्वतःचाच. “जिभंवर हाय, मास्तर. उद्या सांगतो.”

आतोबांनी तिथे एक ओळ रिकामी सोडली आणि फाईल सेव्ह केली.

परतताना रेल्वेचं फाटक लागलं होतं, गाडी जाईपर्यंत आम्ही उभे. तेव्हा म्हणाले, “ही यादी तुझ्या नव्यातसुद्धा उघडेल असं कर. मी एकेक नाव तपासून देतो. माझ्यानंतर ते जुनं कोण चालवणार?” हेच मी दसऱ्यापासून ओरडत होते. पण तेव्हा मला ‘मी सांगत नव्हते का’ म्हणायचंच नव्हतं.

आता यादी दोन्हींत आहे. त्यांच्या जुन्यात आणि माझ्या नव्यात, आणि दोन्हींत ती एक ओळ रिकामी. आतोबा रोज सकाळी आठला आबांना फोन लावतात. “आठवलं का?” पलीकडून आवाज येतो, “न्हाई अजून. पर येईल.” परवा मी म्हटलं, आतोबा, जत्रा जवळ आली, तुम्हीच एखादं नाव देऊन टाका ना, कुणाला कळणार आहे? तर माझ्याकडे असं बघितलं, की मीच पाठ सरळ करून बसले.

“नाव त्याला आहे,” म्हणाले. “आपल्याला माहीत नाही एवढंच. राहू दे रिकामी.”