जाड चाकांचा सांगावा

माझी गाडी बुटकी आहे. चाकं मात्र अशी जाड, की आमच्या गल्लीत तिला ढबू म्हणतात. स्वस्तातली गाडी. वेग नाही, रुबाब नाही, चढ आला की धापा टाकते. पण मीही बुटकीच. मोठ्या गाडीवर पाय लोंबकळत बसण्यापेक्षा दोन्ही तळवे जमिनीवर टेकवून थांबणं मला पटतं. शिवाय चळवळ करायची म्हणजे चिखलात जावं लागतं, आणि चिखलात ही म्हशीसारखी निवांत चालते.

उद्यमनगरातल्या एका गॅरेजमधून ती जुनी घेतली. मेकॅनिक म्हणाला, "इंजिन खणखणीत हाय. टायर मिळायचं तेवढं अवघड."

"आधीचा मालक कुठला?"

"आजऱ्याकडचा."

"मग विकली का त्यानं?"

त्यानं फडक्यानं टाकी पुसली. "त्यानं न्हाई विकली. घरच्यांनी आणून लावली."

मला तेव्हा गाडी हवी होती. पुढचं मी विचारलं नाही.

तिचा आवाज सांगायला हवा. डांबरावर ती चाकं घुमतात. इंजिनाच्या खालून दुसराच आवाज येतो, रिकाम्या घागरीत तोंड घालून कुणी हुंकार भरावा तसा. गाडीच्या आधी तो पोचतो.

त्या वर्षी आम्ही एका गायरानासाठी भांडत होतो. आजऱ्याच्या वाटेवर डोंगरात ते गाव आहे, खाली गावठाण आणि वर विखुरलेल्या वाड्या. गुरं चरायची ती जमीन एका रिसॉर्टवाल्याला द्यायचा ठराव ग्रामसभेत येणार होता. डाव जुनाच. वाड्यांवरची माणसं सभेला येत नाहीत, गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग चारदोन टाळकी बसतात आणि गावाची जमीन देऊन टाकतात. कायदेशीर दरोडा हा! म्हणजे माणसं पहिल्याच सभेला आली पाहिजेत आणि शेवटपर्यंत बसली पाहिजेत. ती आणायचं काम माझ्याकडं होतं.

मी पत्रकं घेऊन वर गेले. भर सकाळ. पहिल्या वाडीत शिरताना कुत्री भुंकली नाहीत. उठून बाजूला झाली. कुठंतरी धुणं आपटण्याचा आवाज येत होता, तो थांबला. एक माणूस हातात भाकरीचा तुकडा तसाच धरून दारात आला आणि माझ्या ओठांकडं बघत राहिला. मी पत्रक पुढं केलं. त्यानं ते घेतलं, मोठा श्वास सोडला, उगाचच हसला आणि दार लावून घेतलं.

पुढच्या घरी तसंच. त्याच्या पुढंही तसंच. पाणी कुणी विचारलं नाही. दारात आलेल्या पावण्याला पाणी विचारायचं नाही, हे आमच्या जिल्ह्यात भांडण झालेल्या घरातही होत नाही. वाडीच्या टोकाला मी गाडी वळवली आणि मागं बघितलं. मी जिथं जिथं थांबले होते, तिथं तिथं जमीन ओली होती. प्रत्येक दारापुढं नुकतं ओतलेलं पाणी. ओतणारं माणूस एकही दिसेना.

मी चिडले. सरपंचानं बहिष्कार घालायला लावलाय, दुसरं काय! त्याच आठवड्यात नवं पत्रक काढलं. 'पाण्याला महाग करणाऱ्यांनो, जनता जाब विचारील!' ते घेऊन पुन्हा वर गेले. पुन्हा तीच शांतता.

शेवटच्या घरापुढं एक मावशी म्हशींना चारा टाकत होत्या. गाडी थांबली आणि त्या खालीच बसल्या. "कोन? माझा ल्योक? इचलकरंजीतनं आलीस व्हय तू?"

"नाही मावशी, मी सभेचं सांगायला आलेय."

"मंजी कोन न्हाई ना गेलं?"

"कुणी नाही गेलं."

त्यांचा जीव भांड्यात पडला आणि मग तोंड सुटलं. "मग मुडद्याची गाडी घिऊन दारोदार का फिरतीस, भवाने? सांगाव्याची गाडी हाय ती!"

तेव्हा मला कळलं. या वाड्यांवर मरण फोनवर सांगत नाहीत. रेंज असली तरी नाही. माणूस जातो. तो अंगणात शिरत नाही, इंजिन बंद करत नाही, दाराबाहेर उभा राहून गेलेल्याचं नाव सांगतो, 'मातीला या' म्हणतो आणि मागं न बघता निघतो. त्याला पाणी देत नाहीत. तो गेला की तो उभा होता तिथं पाणी ओततात. माझ्या गाडीचा आधीचा मालक हे काम करायचा. पावसाळ्यात बांधावरनं जाता यावं म्हणून त्यानं जाड चाकांची गाडी घेतली होती.

"त्यो सोत्ता गेला," मावशी म्हणाल्या, "तवा सांगावा न्यायाला कोन नव्हतं. वरच्या वाड्यांस्नी कळलंच न्हाई. गाडी वाजली की मानसांना वाटतंय, आला त्योच."

मी म्हटलं, "मावशी, या अंधश्रद्धेपायी गायरान जाईल. मग तुमच्या म्हशी कुठं चरणार?"

"ते मला सांगतीस? म्हशी इकाव्या लागतील की!" त्यांनी माझ्या पिशवीतल्या गठ्ठ्याकडं बघितलं. "कागदानं येनार हाय का कोन? न्हाई न्हवं? मग सांगावा दे. गायरान मरायलाच लागलंय की. कायतरी खोटं हाय का त्यात?"

सभेच्या सकाळी मी पत्रकं घरी ठेवली. पहिल्या दारापुढं इंजिन चालू ठेवून उभी राहिले. माणूस बाहेर आला. मी म्हणाले, "गायरान. मातीला या." त्यानं काही विचारलं नाही. बाईमाणूस सांगावा घेऊन कसं आलंय, हेसुद्धा नाही. त्यानं फक्त मान हलवली. मला भाषणाची सवय, माझा आवाज चढा. पण त्या सकाळी तो सपाट होता. हळू बोलायचं मी ठरवलं नव्हतं.

एका फाट्यावर मी सरळ जाणार होते. गाडी डावीकडं ओढ घ्यायला लागली. चाकात हवा कमी असेल म्हणून उतरले, दाबून बघितलं. हवा ठीक होती. तेवढ्यात करवंदीच्या जाळीमागं घर दिसलं. मला ते ठाऊक नव्हतं. दारात एक म्हातारा सदरा घालून, काठी घेऊन, आधीच उभा होता.

सभा शाळेच्या अंगणात होती. वाड्यांवरनं माणसं उतरली, कुणीही कुणाशी बोललं नाही. येऊन खाली मान घालून बसली. अंगण भरलं. सरपंच जरा वेळ चुळबुळला, मग म्हणाला, "जेवायची येळ झाली. सभा तहकूब करूया."

कुणी उठलं नाही. माती झाल्याशिवाय त्या दिवशी चूल पेटत नाही. जेवायला कुणाला जायचंच नव्हतं. सरपंच पुन्हा तेच बोलला. पहिल्या रांगेत त्याची आई बसली होती, डोक्यावरनं पदर ओढून. तीही हलली नाही. ऊन कलायला लागलं. शेवटी त्यानंच ग्रामसेवकाला सांगितलं, "घ्या ठराव. गायरान द्यायचं न्हाई म्हणून लिवा." हात वर झाले, आवाज न करता. मी सवयीनं घोषणा दिली. साथ आली नाही. माणसं उठली, ओढ्यावर गेली, अंगावर पाणी घेतलं आणि वाटेला लागली.

गायरान वाचलं. मावशींच्या म्हशी अजून तिथंच चरतात. मागं त्यांच्या घरी गेले, म्हटलं, "मावशी, च्या तरी टाका आता."

"टाकला असता गं," त्या आतूनच म्हणाल्या. "पर तू भाईरच थांब, बाई." मी निघाले तेव्हा मागं पाणी ओतल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं नाही.

परवा फोन आला. अनोळखी बाई, रडून आवाज बसलेला. "ती जाड चाकाची गाडी तुमच्याकडंच हाय न्हवं? आमचं मामंजी गेलं. वरच्या वाड्यांस्नी कळवायचं हाय."

मी अशा रूढींच्या विरोधात आहे. त्यावर मी पत्रक लिहिलेलं आहे. पण ज्याचा सांगावा कुणी नेला नाही, तो माणूस माझ्या डोक्यातनं जात नव्हता. गाडी दारात उभी होती. मी किल्ली घेतली.

"नाव सांगा," मी म्हणाले.