वाळलेला चाफा

सकाळी चहा घेऊन गॅलरीत आले. सोसायटीच्या बागेतला चाफा जागेवर नव्हता. मी तशीच खाली धावले. बुंध्यातून पांढरा चीक अजून गळत होता.

"अहो, हे काय केलंत?"

"वाळला होता हो, वहिनी," अध्यक्ष म्हणाले. "वसंतोत्सवाच्या स्टेजला आडवा येत होता. एक पान तरी होतं का त्याला?"

"माघात चाफ्याला पानं नसतातच!"

"मग आधी नाही का सांगायचं?" म्हणत ते मांडववाल्याला कापडी फुलांच्या माळा कुठे लावायच्या ते दाखवू लागले.

चाफा लावला होता शेजारच्या मालूताईंनी. त्याही खाली आल्या, पण काहीच बोलल्या नाहीत. ढिगातली एक फांदी उचलून घरी घेऊन गेल्या.

झाडानं जरा गप्प राहायचं म्हटलं, तरी आपल्याला ते मेलेलंच वाटतं. माणसांचंही आपण वेगळं काही करत नाही.

उत्सवाच्या दिवशी अध्यक्ष माइकवरून वसंताचं स्वागत करत होते. मालूताईंनी मला कोपरानं ढोसलं, "वर बघ."

त्यांच्या गॅलरीत चीक सुकायला टेकवलेली ती फांदी होती. माती नाही, मूळ नाही, आणि टोकाला कळ्या.

टाळ्या वाजवायचं मला सुचलंच नाही.